गिझर दुरुस्तीच्या नावाखाली ४,८५० रुपये उकळले

गणेश चवथीला तीन दिवस होते आणि गॅस गिझर पेटेना. नळ सोडला की टकटकटक आवाज येई, पण ज्योत धरत नव्हती. सासूबाईंना थंड पाणी चालत नाही, घरात पाहुणे येऊ लागलेले. गूगलवर कंपनीचा कस्टमर केअर शोधला आणि वर दिसलेला पहिलाच नंबर लावला. अशा वेळी कोण शहानिशा करत बसतं?

दोन तासांत म्हापशाहून आलो म्हणत एक जण डिचोलीत हजर. आल्या आल्या म्हणाला, "ताई, पॅनल जळलंय." पॅनल म्हणजे ठिणगी पाडणारं सर्किट. व्हिजिटचे ३५०, पॅनलचे ३,२००, वर्षाच्या सर्व्हिसचे १,३००. पैसे कंपनीच्या नव्हे, कुणा व्यक्तीच्या नावावर गेले. ते नाव मी वाचलं होतं. वाचूनही बटण दाबलं, हे आठवलं की अजून अंगाचा तिळपापड होतो. बिल? "व्हॉट्सॅपवर येईल." आलंच नाही.

महिन्याभराने गिझर पुन्हा बंद. त्याचा फोन लागेना. बाजारातल्या मेकॅनिकने कव्हर उघडलं आणि मला जवळ बोलावलं. पॅनलच्या स्क्रूंवर गंज जसाच्या तसा, पेचकस लागलेलाच नव्हता. खाली सेलच्या डब्यात मात्र दोन नवे सेल. मी सेलवर मार्करने तारीख घालते, यांच्यावर नव्हती. मी चहा करायला आत गेले तेवढ्यात बदलले! ठिणगीचा आवाज येतोय म्हणजे पॅनल मेलेलं नाही. सेल उतरले की ठिणगी पडते, पण गॅसचा व्हॉल्व्ह उघडत नाही. शे-दीडशे रुपयांचं काम. या वेळी पाण्याच्या जाळीत कचरा अडकला होता. पाण्याचा दाब कमी पडला तर गिझर चालूच होत नाही. जाळी धुतली, पेटला.

पोलीस ठाण्यात गेले तर म्हणे, पैसे तुम्हीच स्वखुशीने दिले, ही फसवणूक कशी? दुसऱ्या दिवशी साहेब नाहीत. तिसऱ्या दिवशी बिल आणा. अहो, बिल दिलं नाही हीच तर तक्रार! बँकेने हात वर केले. कंपनी म्हणते, तो आमचा माणूस नव्हे. अर्ज घ्यायलासुद्धा कुणी तयार नाही, जणू चोरी मीच केली.

नंबर वॉरंटी कार्डावरचाच घ्या. मेकॅनिक काम करत असताना तिथून हलू नका. बदललेला जुना पार्ट मागून घ्या. पैसे गेल्याचं लगेच कळलं तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लावा, मला महिना उशीर झाला. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर मी तक्रार नोंदवली आहे. ते दोन सेल आणि पेमेंटचा स्क्रीनशॉट जपून ठेवलाय. डिचोली-म्हापसा भागात आणखी कुणाला असंच गंडवलं असेल तर कळवा, एकत्र लेखी देऊ.