लेबलखाली दुसरं लेबल निघालं

मी मुंबईत पीएचडी करते. विषय यकृताच्या पेशींमधलं फॅटी ॲसिड सिंथेस, म्हणजे ॲसिटिल-कोए आणि मॅलोनिल-कोए या छोट्या रेणूंपासून पामिटिक आम्ल हे मेदाम्ल बनवणारं एन्झाइम. वेस्टर्न ब्लॉटमध्ये प्रथिनं जेलमध्ये आकारानुसार वेगळी करून मेम्ब्रेन नावाच्या पातळ पडद्यावर उतरवतात; त्यावर हे एन्झाइम बघायचं तर त्यालाच चिकटणारी अँटिबॉडी हवी. कंपनीकडून यायला सहा-आठ आठवडे लागणार होते. ओळखीतल्या एका विक्रेत्याने फोनवर सांगितलं, "मॅडम, माल तयार आहे, उद्याच पोचवतो." किंमतही ३२ हजारांऐवजी १९ हजार. ग्रँट संपत आली होती, मी हो म्हटलं.

भर पावसात डबा आला. आतला गारव्यासाठीचा जेल पॅक पार वितळलेला. तेव्हाच परत पाठवायला हवा होता, पण मी सही करून ठेवून घेतला.

ब्लॉटवर बँड, म्हणजे अँटिबॉडी चिकटली तिथला पट्टा, आला तो ४२ किलोडाल्टनच्या (प्रथिनाच्या वजनाचं एकक) आसपास. हे एन्झाइम २७०च्या वर आहे, बँड जेलच्या अगदी वरच्या टोकाला दिसायला हवा. एवढं मोठं प्रथिन मेम्ब्रेनवर सहजी उतरत नाही, म्हणून चूक माझीच धरली. ६ टक्क्यांचं जेल, कोल्ड रूममध्ये रात्रभर ट्रान्सफर, पहाटेची लोकल. दोन महिने असेच गेले, आणि गाइडसमोर मान खाली घालून बसायची वेळ आली. शेवटी सीनियर ताईच्या सांगण्यावरून एसआयआरएनएने, म्हणजे जीनचं काम रोखणाऱ्या आरएनएच्या छोट्या तुकड्यांनी, या एन्झाइमचं जीन दाबून पाहिलं. बँड त्याच एन्झाइमचा असता तर फिका व्हायला हवा होता. तसूभर फरक नाही.

त्या संध्याकाळी फ्रीझरमधून अँटिबॉडीची व्हायल (कुपी) काढली तर दवाने लेबलचा कोपरा सुटलेला. चिमट्याने हळूच सोललं. खाली दुसरं लेबल होतं: ॲक्टिन. मुदत दोन वर्षांपूर्वीच संपलेली. ॲक्टिन हे प्रथिन ४२ किलोडाल्टनचं, प्रत्येक पेशीत भरपूर. बँड का हलत नव्हता ते तिथेच कळलं.

कुणी अशी स्वस्त अँटिबॉडी देऊ केली, तर पैसे देण्याआधी लॉट नंबर, म्हणजे ती कुठल्या खेपेतली आहे तो क्रमांक, मागा आणि तो कंपनीला स्वतः विचारा. डबा आला की कुरिअरवाल्यासमोर उघडा, जेल पॅकचा आणि व्हायलचा फोटो काढा. पहिलाच ब्लॉट एसकेबीआर-३ या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींच्या नमुन्यावर करा; त्यांत हे एन्झाइम खूप असतं, तिथेही दिसलं नाही तर दोष फक्त तुमच्या हातात शोधत बसू नका. आणि बिल वाचा. माझ्या बिलावर लॉट नंबर नव्हता, अँटिबॉडीचं नावही नव्हतं. लिहिलं होतं, "लॅब केमिकल, नग १". त्यावर तक्रार कशाची करणार? विक्रेत्याने माझा फोन उचलणं केव्हाच बंद केलंय.