संगमहून आणलेली बॅट: अकरा महिने आणि एक करकर

फेब्रुवारीतला रविवार, चौथी ओव्हर, आखूड चेंडू. मी पुल मारला. चेंडू कुठे गेला ते सोडा, पण बॅटचं पातं हातात असं फिरलं की दांडा ढिला झालेली कुऱ्हाडच धरलीय! नॉन-स्ट्रायकरने विचारलं, "काय मोडलं रे?" मोडलं काहीच नव्हतं. हँडल पात्यातून सुटलं होतं.

डिसेंबरातल्या रिव्ह्यूत या बॅटला मी चार तारे दिले होते. फेब्रुवारीत एक केला. आता सप्टेंबर आहे आणि आकडा पुन्हा बदललाय, म्हणून सगळं नव्याने लिहितोय.

गेल्या ऑक्टोबरात श्रीनगरहून पहलगामला जाताना घेतलेली बॅट. त्या हायवेवर संगम नावाच्या गावाच्या आसपास रस्त्याकडेला विलोच्या (बॅटच्या लाकडाच्या) फळ्या उतरंडीसारख्या रचून वाळत ठेवलेल्या दिसतात, आणि गाडी थांबवा असं ड्रायव्हरला सांगावंही लागत नाही. दुकानदाराने ३,२०० सांगितले, मी १,८०० म्हणालो, २,३०० ला तुटलं. कव्हर फुकट. बायको गाडीत बसून घड्याळ बघत होती. काश्मीर विलो, शॉर्ट हँडल, ११८० ग्रॅम. इंग्लिश विलोपेक्षा लाकूड घट्ट आणि जड, रंग जरा तांबूस, हे घेणाऱ्याला ठाऊकच असतं. निदान पॉप्युलर विलो गळ्यात मारली नाही. (पॉप्युलर म्हणजे लोकप्रिय नव्हे, पॉपलर, दुसरंच लाकूड. विलोच्या नावावर खपतं.) "चालीस एमएम एज" म्हणाला होता. घरी पट्टी लावली तर ३६. २०१७ पासून नियमानेच ४० मिलिमीटरच्या वर कड चालत नाही, तेव्हा चार मिलिमीटरची तक्रार मी गिळली.

नॉकिंग, म्हणजे नवी बॅट ठोकून ठोकून खेळायला तयार करणं, मी स्वतः केलं, पाच-सहा तास, आठवडाभर वाटून. खालच्या मजल्यावरचे आजोबा दोनदा वर आले. कडा, टो (पात्याचं खालचं टोक), मग पातं, सगळं रीतसर. मध्यावर चेंडू बसला की येणारा 'टक्' अजूनही या बॅटची सगळ्यात चांगली गोष्ट आहे.

आणि मग करकर. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात टॅप करताना हँडलच्या मुळाशी बारीक 'कर्र' ऐकू आलं. टीममध्ये कोणालाच ऐकू येईना. कॅप्टन म्हणाला, "तुझे गुडघे असतील." मी घरी पंखा बंद करून, खांद्याजवळ धरून बॅट वाकवून बघितली. कर्र. ग्रिप काढून दोरा तपासला. दोरा घट्ट. तरी कर्र. त्या आवाजापायी मी दोन मॅचमध्ये चेंडूकडे कमी आणि हँडलकडे जास्त बघितलं, आणि दोन्ही वेळा बोल्ड झालो. लोक बॅटचे ग्रेन मोजतात, वजन करतात, स्वीट स्पॉटवर तासभर बोलतात. हँडल वाकवून कान लावणारा मी तरी कोणी बघितला नाही.

फेब्रुवारीत हँडल सुटल्यावर दुकानदाराला फोन केला. "सर, विलो ठीक है ना? हँडल की गॅरंटी नहीं होती." मी म्हटलं, "हँडलशिवाय विलो धरू कुठे?" त्यावर तो मनापासून हसला आणि म्हणाला, भेज दो, बना देंगे. कुरिअरवाल्याने जायचे ६५० सांगितले. यायचे वेगळे. पुण्यातल्या एका खेळाच्या दुकानात गेलो तर काउंटरवरचा मुलगा बॅट हातात न घेताच म्हणाला, "काका, रिपेअरला काही अर्थ नाही, नवीन बघा ना." आणि साडेचार हजारांची काढून ठेवली. त्या 'काका'नेच अर्धं डोकं फिरलं.

शेवटी पेठेतल्या एका बोळात मिस्त्री सापडले. पुढे कॅरम बोर्ड, मागे बॅटी. त्यांनी पात्यावर बोटाच्या पेराने तीन ठिकाणी टकटक केलं. "लाकूड चांगलंय. बसवणाऱ्याने घाई केलीय."

मग जे बघितलं त्यासाठी हा रिव्ह्यू. त्यांनी खांद्याशी करवत लावून हँडल कापलं. आतली पाचर, म्हणजे हँडलचं पात्यात रुतलेलं निमुळतं टोक, पटाशीने फोडून काढायची असते, तुकड्या-तुकड्याने, कारण सरस सोडत नाही. इथे दोन बाजूंना पटाशी सरकवून वर उचलली आणि अख्खी पाचर दातासारखी बाहेर आली. त्यांनी ती माझ्या हातात दिली. एका गालावर पिवळट, काचेसारखा कडक सरस. दुसरा गाल कोरडा, फक्त बोट फिरवल्यासारखा एक फराटा. टोकाशी फट राहिली होती ती भुसा-सरसाने बुजवलेली. वरून दोरा आणि ग्रिप चढली की हे कोणाला दिसणार? माझी करकर तिथून येत होती. कॅप्टनला त्याच संध्याकाळी फोटो पाठवला.

मी दुकानदाराला शिव्या द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात मिस्त्री म्हणाले, "तेल कुठपर्यंत लावलंत?"

सगळीकडे लावलं होतं. जवसाचं तेल, चांगलं तीन हात, हँडलच्या मुळापर्यंत, उरलं तर वाया जाऊ नये म्हणून जोडावर जरा जास्तच. पाचरीच्या जागी तेल जाऊ द्यायचं नसतं, सरस सुटतो. कोरड्या गालावर बोट घासून त्यांनी मला वास दिला. जवसच. म्हणजे अर्धी चूक बॅट बसवणाऱ्याची, अर्धी माझी. जोड घट्ट असता तर तेल आत शिरलंच नसतं, असं मी म्हणून बघितलं. मिस्त्री काही बोलले नाहीत, रंधा शोधायला लागले.

नवीन हँडल सिंगापुरी वेताचं, मध्ये रबराच्या पट्ट्या. ते खाचेत बसवायला त्यांना पाऊण तास लागला. कानस मारायची, घालून बघायचं, काढायचं, परत दोन हात कानस. सरस न लावताच पाचर एवढी घट्ट बसली की काढायला टोला द्यावा लागला, तेव्हा कुठे ते समाधानी झाले. मग सरस, ठोकून आत, शिकंजा, दोन दिवस हात लावायचा नाही. हँडलचे ४५०, मजुरी ४००. मजुरीत ५० कमी करा म्हणालो, तर म्हणाले, "मग दोरा तुम्ही गुंडाळा." पूर्ण दिले.

मार्च ते मे बारा मॅच खेळलो. एकदाही आवाज नाही. बॅट पूर्वीपेक्षा हलकी वाटते. वजन केलं तर फरक फक्त १५ ग्रॅमचा, पण जुन्या हँडलला नसलेली लवचिकता आहे. यॉर्कर अडवताना मनगटाला जो झटका बसायचा तो गेला. पावसाळ्यात माळ्यावर टाकली आणि टो जरासा फुगला, ते माझ्या आळसाचं. टो गार्ड लावायला हवा होता. आता वाळवून चिकटवलाय.

हिशेब: २,३०० अधिक ८५०, म्हणजे ३,१५०. दुकानदाराने पहिल्यांदा सांगितलेल्या किमतीपेक्षा अजून ५० रुपये कमीच. पात्याला साडेचार तारे, मूळ हँडलला एक, वर माझ्या तेलाचा दंड म्हणून अर्धा परत केलाय, म्हणजे दीड. घेणार असाल तर जरूर घ्या, फक्त पैसे देण्याआधी दुकानातच बॅट वाकवा आणि कान लावा. लोक हसतील. तेल लावताना जोडाच्या चार बोटं खाली थांबा.

जुनी पाचर मी परत मागून घेतली. हॉलचं दार वाऱ्याने आपटायचं, त्याखाली अगदी नीट बसते.