‘एसक्यूएल दाखवा’ हे बटण गेल्यानंतर : एका रिपोर्टिंग टूलचा दीर्घ वापरानंतरचा अनुभव

या टूलविषयी लिहायला घेतले तेव्हा हा मजकूर बहुतांशी कौतुकाचा होता आणि त्यातला निम्मा लिहूनही झाला होता. मग नवे व्हर्जन आले, आणि क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, तयार करण्याच्या पडद्यावर वरच्या कोपऱ्यात असलेले ‘एसक्यूएल दाखवा’ हे छोटेसे बटण नाहीसे झाले. एसक्यूएल ही डेटाबेसला प्रश्न विचारण्याची भाषा; टूलने आपल्यासाठी त्या भाषेत लिहिलेला मजकूर ते बटण दाखवत असे. ते दुसऱ्या एखाद्या मेनूत हलवले असेल, या समजुतीने बरीच शोधाशोध केली, तेव्हा कळले की ती सोय आता वरच्या श्रेणीच्या लायसन्समध्ये गेली आहे. टूलचे नाव देत नाही, कारण त्यांच्याशी चाललेले माझे भांडण अद्याप मिटलेले नाही. डॅशबोर्ड, आलेख, ठरलेल्या वेळी ई-मेलने जाणारे रिपोर्ट या गोष्टी या वर्गातल्या बहुतेक टूलमध्ये थोड्याफार फरकाने सारख्याच असतात, त्यामुळे त्यांवर इथे काही लिहिलेले नाही. क्वेरी बांधायला शिकण्यापुरते हे लिखाण आहे, आणि त्यातही बरेचसे त्या एका बटणाविषयी आहे.

माझे काम हिशेबाचे. एक्सेल आणि पिव्होट टेबल यांवर हात बसलेला होता. मात्र डेटाबेसमधून काही हवे असेल तर संगणक विभागाकडे मागणी नोंदवायची आणि वाट पाहायची, अशी पद्धत होती. टूल आल्यावर डाव्या बाजूला टेबलांची यादी दिसू लागली, हवे ते कॉलम ओढून मधल्या भागात टाकता येऊ लागले, फिल्टर लावता येऊ लागले आणि बेरीज कोणत्या कॉलमनुसार गटवार हवी ते निवडता येऊ लागले. पिव्होटची सवय असलेल्या माणसाला गटवार बेरीज समजायला वेळ लागत नाही. अडते ते जॉइनपाशी, म्हणजे टेबले एकमेकांना जोडण्यापाशी, कारण एक्सेलमध्ये आपण बहुधा एकाच मोठ्या तक्त्यावर काम करतो. डेटाबेसमध्ये मात्र तीच माहिती ग्राहक, बिले, बिलातील ओळी आणि जमा रकमा अशा वेगवेगळ्या टेबलांत विभागलेली असते आणि ती पुन्हा जोडण्याची जबाबदारी विचारणाऱ्यावर येते.

दोन टेबलांमध्ये रेघ ओढली की जॉइन झाला, असे टूल भासवते. त्या रेघेत नेमके काय दडले आहे ते सांगण्याचे काम ते बटण करीत असे. उदाहरण देते. सर्व ग्राहकांची यादी आणि प्रत्येकाची मार्च महिन्यातील विक्री हवी होती; ज्यांनी काहीच खरेदी केली नाही ते ग्राहकही यादीत शून्यासह दिसायला हवे होते. त्यासाठी टूलमध्ये ‘डावीकडील सर्व नोंदी ठेवा’ हा पर्याय, म्हणजेच लेफ्ट जॉइन, निवडला. तरीही खरेदी न केलेले ग्राहक यादीतून गळत होते. बटण दाबून एसक्यूएल पाहिले, तेव्हा लेफ्ट जॉइन जागच्या जागी होता, परंतु बिलाच्या तारखेची अट खाली ‘व्हेअर’मध्ये, म्हणजे जोडणी झाल्यानंतर ओळी गाळणाऱ्या भागात, गेलेली होती. ज्या ग्राहकाचे बिलच नाही त्याच्या ओळीत बिलाची तारीख नल, म्हणजे रिकामी, असते, आणि नलची तुलना कोणत्याही तारखेशी केली तरी उत्तर ‘खरे’ येत नाही. त्यामुळे जॉइनने जपून ठेवलेल्या त्या ओळी पुढच्याच पायरीवर वगळल्या जात होत्या. तीच अट जॉइनच्या ‘ऑन’ भागात, म्हणजे काय कशाला जोडायचे ते सांगणाऱ्या भागात, टाकल्यावर बिले आधी गाळली जातात आणि मग ग्राहकांना जोडली जातात, म्हणून यादी पूर्ण येते. शून्य हवे असेल तर तेवढे नलच्या जागी भरून घ्यावे लागते. टूलमध्ये यासाठी फिल्टर मुख्य फिल्टरपट्टीत न लावता रेघेवर दोनदा क्लिक करून तिथे लावावा लागतो, ही गोष्ट मदत-पुस्तिकेत कुठेही ठळकपणे लिहिलेली नाही. मला ती एसक्यूएलच्या आठ-दहा ओळींनी शिकवली.

तारखांचेही तसेच. ‘१ मार्च ते ३१ मार्च’ असा फिल्टर लावला की शेवटच्या दिवसाची बिले गायब होत, कारण आमच्या टेबलात तारखेबरोबर वेळही साठवलेली आहे आणि नुसते ३१ मार्च म्हटले की डेटाबेस त्या दिवसाची मध्यरात्र, म्हणजे शून्य वाजताचा क्षण धरतो. ‘१ मार्च किंवा त्यानंतर आणि १ एप्रिलच्या आधी’ अशी अट लिहिली की प्रश्न मिटतो. ‘स्थिती रद्द नाही’ या फिल्टरमध्ये स्थिती न भरलेल्या नोंदीही वगळल्या जातात, सरासरी काढताना नल असलेल्या ओळी मोजल्याच जात नाहीत, आणि ‘आणि’ व ‘किंवा’ या अटी कंसाशिवाय एकत्र आल्या की ‘आणि’ आधी लागू होते, हेही असेच एकेक करून तयार झालेल्या मजकुरातून उमगत गेले.

सर्वांत मोठा धडा बेरजांचा होता, आणि तो जरा विस्ताराने सांगण्यासारखा आहे. एक बिल घ्या. त्यात ५००, ४०० आणि ३०० अशा तीन ओळी आहेत, म्हणजे बिल १२०० चे झाले. ग्राहकाने ते ७०० आणि ५०० अशा दोन हप्त्यांत पूर्ण फेडले. येणे बाकी शून्य. आता टूलमध्ये बिलाला त्याच्या ओळींचे टेबल जोडा, त्याच बिलाला जमा रकमांचे टेबलही जोडा आणि दोन्हींची बेरीज मागा. जॉइन प्रत्येक ओळीची प्रत्येक जमा रकमेशी जोडी लावतो, त्यामुळे त्या एका बिलाच्या सहा ओळी होतात. प्रत्येक बिल-ओळ दोनदा आल्याने विक्री २४०० दिसते, प्रत्येक जमा रक्कम तीनदा आल्याने वसुली ३६०० दिसते, आणि ग्राहकाने १२०० जास्तीचे भरले आहेत असा निष्कर्ष निघतो. एकेका बिलावर हे लगेच ध्यानात येते. शेकडो बिलांच्या एकत्रित आकड्यात ते सहज लपते, विशेषतः बहुतेक बिले एकाच ओळीची आणि एकाच हप्त्यात फेडलेली असतील तेव्हा, कारण मग आकडा थोडासाच चुकतो आणि थोडासा चुकलेला आकडा कोणाच्या डोळ्यांत खुपत नाही. यावर ‘फक्त वेगळ्या किमतींची बेरीज करा’ असा एक पर्याय टूल सुचवते. तो वरवर सोयीचा असला तरी घातक आहे: एकाच बिलात दोन ओळी ५००–५०० च्या असतील तर त्यांपैकी एक बेरजेतून गळते. योग्य रीत अशी की ओळींची बिलवार बेरीज वेगळी करावी, जमा रकमांची बिलवार बेरीज वेगळी करावी आणि मगच त्या दोन बेरजा बिलाला जोडाव्यात. हे सहा ओळींचे गणित ज्या दिवशी एसक्यूएल समोर ठेवून कागदावर मांडले, त्या दिवसापासून टूलने दिलेला कोणताही आकडा पडताळल्याशिवाय पुढे पाठवणे मी बंद केले.

इथपर्यंतचा बहुतेक भाग अपडेटपूर्वी लिहिलेला आहे, आणि त्याखाली पाचपैकी साडेचार तारे नोंदवून ठेवले होते. अर्धा तारा मदत-पुस्तिकेसाठी कापला होता.

आता बटणाविषयी. पडद्यावर चौकटी भरून क्वेरी बांधण्याची कल्पना नवी नाही. आयबीएममध्ये मोशे झ्लूफ यांनी ‘क्वेरी बाय एक्झाम्पल’ ही पद्धत १९७० च्या दशकात मांडली, म्हणजे एसक्यूएल आकाराला येत होते त्याच दशकात. मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस १९९२ साली बाजारात आले. त्यात टेबले ओढून, रेघा जोडून क्वेरी तयार करता येते आणि ‘एसक्यूएल व्ह्यू’मध्ये जाऊन तीच क्वेरी मजकुराच्या रूपात वाचताही येते. मेटाबेससारख्या मुक्तस्रोत टूलची विनामूल्य आवृत्तीही तयार झालेले एसक्यूएल दाखवते. जो मजकूर टूलला डेटाबेसकडे पाठवण्यासाठी तसाही तयार करावाच लागतो, तो पडद्यावर दाखवण्यासाठी वेगळे पैसे मागणे म्हणजे दुकानदाराने बेरजेची चिठ्ठी स्वतःकडे ठेवून नुसता एकूण आकडा सांगावा आणि चिठ्ठी पाहायची असेल तर जादा आकार लावावा, असे आहे.

सपोर्टकडे तिकीट नोंदवले. पहिले उत्तर आले की व्यावसायिक वापरकर्त्यांचा गोंधळ कमी व्हावा म्हणून हा बदल केला आहे. गोंधळ याच बटणामुळे कमी होत होता, असे मी वरील जमा रकमांच्या उदाहरणासह सविस्तर लिहून कळवले. त्यावर वरच्या श्रेणीच्या लायसन्सचे माहितीपत्रक आले. मी पुन्हा लिहिले की करार झाला तेव्हा ही सोय आमच्या श्रेणीच्या यादीत होती. त्यानंतर काही काळ काहीच आले नाही, आणि मग ‘प्रतिसादाअभावी तिकीट बंद करण्यात येत आहे’ असा संदेश आला, जरी शेवटचा प्रतिसाद माझाच होता. पुन्हा उघडलेले तिकीट आजही ‘विचाराधीन’ आहे.

जादा पैसे द्यायचे नाहीत हे ठरलेलेच होते, म्हणून संगणक विभागातील सहकाऱ्याने दुसरा मार्ग काढून दिला. आमचा डेटाबेस पोस्टग्रेस आहे. टूल ज्या रीड-ओन्ली अकाउंटने डेटाबेसला जोडले जाते, तेवढ्यापुरते ‘लॉग स्टेटमेंट’ हे सेटिंग ‘ऑल’ केले की त्या अकाउंटकडून आलेली प्रत्येक क्वेरी सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदींच्या फाइलमध्ये, जशीच्या तशी लिहिली जाते. हे सेटिंग मूळ स्थितीत बंद असते आणि बदलायला प्रशासकाचे अधिकार लागतात. टूल अटींतील किमती वेगळ्या पाठवत असेल तर क्वेरीत त्यांच्या जागी डॉलर-चिन्हासह क्रमांक दिसतात आणि प्रत्यक्ष किमती पुढच्या तपशिलाच्या ओळीत सापडतात, इतके ध्यानात ठेवले की मजकूर वाचता येतो. लॉग भराभर वाढतो, आणि फिल्टरमध्ये टाकलेली ग्राहकांची नावेही त्यात उमटतात, म्हणून तो कोण पाहू शकते यावर बंधन हवे आणि जुन्या फायली वेळोवेळी काढून टाकण्याची व्यवस्थाही हवी. एका बटणाचे काम करायला एवढा खटाटोप करावा लागतो, याचा राग मात्र जात नाही.

लॉग वाचू लागल्यावर जे दिसले त्याने माझे मत पुन्हा हलवले, आणि ते लिहिणे भाग आहे. नव्या व्हर्जनमध्ये बेरजांची मांडणी सुधारलेली आहे. एकाच बिलाला दोन बाजूंनी ‘अनेक’ नोंदी जोडलेल्या असतील, तर टूल आता प्रत्येक बाजूची बेरीज वेगळ्या उपक्वेरीत आधी करते आणि मग जोडते. म्हणजे वर सांगितलेली योग्य रीत ते स्वतःहून पाळते. वरचेच उदाहरण पुन्हा चालवून पाहिले : विक्री १२००, वसुली १२००, बाकी शून्य. नव्याने शिकणाऱ्याला हा फार मोठा आधार आहे, आणि ज्यांनी हे काम केले त्यांना जॉइन कळतो यात शंका नाही.

परंतु ही सुधारणा जुन्या, साठवून ठेवलेल्या रिपोर्टनाही लागू झाली, आणि तेही कोणतीही सूचना न देता. पूर्वीच्या पद्धतीतील फुगलेली बेरीज आटोक्यात आणण्यासाठी काही रिपोर्टमध्ये सहकाऱ्यांनी हाताने दुरुस्त्या घातल्या होत्या : कुठे हप्त्यांच्या संख्येने भागलेले होते, कुठे वेगळ्या किमतींची बेरीज घेतली होती. आता मूळ बेरीजच बरोबर येऊ लागल्याने भागाकाराच्या त्या दुरुस्त्यांनी आकडा खरा होता त्यापेक्षा कमी दाखवायला सुरुवात केली. गेल्या महिन्याचा रिपोर्ट आणि तोच रिपोर्ट आज पुन्हा चालवून आलेले आकडे जुळेनात, तेव्हा ‘डेटा बदलला का?’ असा प्रश्न वरिष्ठांकडून आला. डेटा बदललेला नव्हता, क्वेरी बदललेली होती, आणि ते सिद्ध करायला माझ्याकडे लॉग नसता तर टूलच्या पडद्यावरून काहीही सांगता आले नसते, कारण तिथे तीच टेबले, त्याच रेघा आणि तेच फिल्टर दिसत होते. नेमके ज्या व्हर्जनमध्ये आतली क्वेरी सर्वाधिक बदलली, त्याच व्हर्जनमध्ये ती पाहण्याची सोय काढून घेतली, हे मला अजूनही समजत नाही.

म्हणून ताऱ्यांचा हिशेब बदलला. रिपोर्ट फक्त पाहायचे असतील आणि क्वेरी बांधणारे जाणकार वेगळे असतील, तर चार तारे खुशाल द्यावेत. स्वतः क्वेरी शिकायची असेल तर सध्याच्या स्थितीत अडीच. आणि शिकण्यासाठीच नव्याने टूल निवडणाऱ्याने चाचणीच्या काळात आलेखांचे रंग पाहण्याऐवजी दोन बाजूंच्या बेरजेचे वरचे उदाहरण चालवून पाहावे, तयार झालेले एसक्यूएल कोणत्या श्रेणीत दिसते ते लेखी विचारून घ्यावे. आमच्याकडे नूतनीकरणाच्या वेळी क्वेरी बांधणाऱ्यांची लायसन्स कमी करून केवळ रिपोर्ट पाहणाऱ्यांची ठेवायची, आणि बांधणीचे काम डीबीव्हर या डेटाबेस-टूलच्या विनामूल्य आवृत्तीत थेट एसक्यूएल लिहून करायचे, असा प्रस्ताव मी दिला आहे. तो मंजूर झाला तर सपोर्टचे तिकीट मी स्वतःच बंद करीन.

ज्यांच्याकडे अजून जुने व्हर्जन चालू आहे त्यांनी अपडेट स्वीकारण्याआधी प्रत्येक महत्त्वाच्या रिपोर्टचे एसक्यूएल त्या बटणातून कॉपी करून, रिपोर्टच्या नावासह आणि त्या दिवशीच्या आकड्यांसह एका फाइलमध्ये ठेवावे.