नौदल दिनाचा चित्ररथ भाड्याने: सुतारकाम पक्कं, बोट मात्र चुकीची

खानदेशात पाणी म्हटलं की तापी, गिरणा, फार तर हतनूरचं धरण. तरी ४ डिसेंबरला मिरवणुकीत जहाज हवंच असतं, आणि मग शाळा नि माजी सैनिकांची मंडळं डेकोरेटरकडे जातात. जळगाव-भुसावळ पट्ट्यातल्या अशाच एका डेकोरेटरच्या पॅकेजचं हे परीक्षण. त्यात येतं ते असं: वीस फुटी आयशरच्या हौद्यावर बसवलेली युद्धनौका, रेकॉर्ड केलेलं निवेदन, दोन स्पीकर, धुराचं मशीन आणि सोबत दोन कारागीर. डिझेल आणि जनरेटर वेगळे, हे बुकिंगच्या पावतीवर बारीक अक्षरात असतं, तेवढं वाचून घ्या.

सुतारकामाला नाव ठेवायला जागा नाही. सांगाडा लोखंडी अँगलचा आणि हौद्याला नटबोल्टने आवळलेला. सुतळीने किंवा बाइंडिंग तारेने बांधलेला रथ दोन गतिरोधक ओलांडले की कुरकुरायला लागतो आणि तिसऱ्याला डोलकाठी झुकते. हा तसा नाही. बाजूंना प्लायवूड, वर राखाडी ऑइल पेंट. थर्माकोल कुठेही नाही, हे बरं. राज्यात २०१८ पासून त्याच्या सजावटीवर बंदी आहे, आणि उन्हात तासभर उभं राहिलं की त्याचे सांधेही सुटतात.

घोळ आहे तो बोटीत. अंगावर ठळक अक्षरात लिहिलंय ‘विक्रांत’. ४ डिसेंबर साजरा होतो तो १९७१ च्या ऑपरेशन ट्रायडेंटसाठी. त्या रात्री कराचीवर चालून गेल्या त्या निपात, निर्घात आणि वीर या तीन क्षेपणास्त्र बोटी. सोबतीला किल्तन आणि कच्छल या युद्धनौका. विक्रांत तेव्हा बंगालच्या उपसागरात होती, तिची विमानं कॉक्स बाजार आणि चितगाववर तुटून पडत होती. म्हणजे वऱ्हाड उतरलं जळगावला आणि नवरदेव नागपुरात. नाव बदलून द्यायला डेकोरेटर तयार असतो, फक्त चार दिवस आधी सांगा. ऑइल पेंटचा दुसरा हात नीट वाळला नाही तर खालचं ‘विक्रांत’ वर डोकावतं.

मापाचं दुखणं याहून मोठं. या क्षेपणास्त्र बोटी साडेअडतीस मीटर लांब आणि साधारण साडेसात मीटर रुंद, म्हणजे पाचास एक. वीस फूट लांबीला चार फूट रुंदी पुरे. इथे मात्र हौदा सात फुटी आहे म्हणून बोटही सात फुटी केलीय, आणि ती बोट न वाटता पाण्याची टाकी वाटते. चार फुटांवर आणली तर दोन्ही बाजूंना दीड-दीड फूट मोकळं राहतं. निळ्या कापडाच्या लाटा तिथे बसतात आणि कारागिराला चालायला वाटही मिळते.

क्षेपणास्त्रं दिवाळीच्या रॉकेटसारखी आभाळाकडे तोंड करून उभी आहेत. खऱ्या बोटीवर ती चार बंद पेट्यांमध्ये असायची, प्रत्येक बाजूला दोन, तोंड पुढे आणि किंचित वर. तेव्हा प्लायच्या चार पेट्या करून घ्या, पुढचं झाकण बिजागरीचं ठेवा आणि आत एकेक पाइप सरकवा. मूळ क्षेपणास्त्र ५.८ मीटर लांब आणि पाऊण मीटर जाड. वीस फुटी बोटीच्या प्रमाणात ते तीन फूट लांब आणि बारा सेंटिमीटर जाड येतं, म्हणजे नळकामाच्या दुकानातली ११० एमएमची पीव्हीसी पाइप जवळपास नेमकी बसते. पुढे आणि मागे एकेक दुनळी तोफ हवी. ती या रथावर नाहीच.

झेंड्यावर दरवर्षी वाद होतो. २ सप्टेंबर २०२२ पासून नौदलाचा ध्वज बदलला: तांबडा क्रूस गेला, शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतलेली अष्टकोनी निळी चौकट आली. डेकोरेटर जुना ध्वज लावतो म्हणून त्याला बोल लावतात. पण १९७१ ची बोट दाखवायची तर तिच्यावर क्रूसवालाच ध्वज बरोबर. नवा ध्वज व्यासपीठावर लावा.

धुराचं मशीन चालू केल्यावर तापायला चार-पाच मिनिटं घेतं, आणि एकदा धूर सोडला की पुन्हा थांबावं लागतं. चालत्या गाडीवर वाऱ्याने धूर उडून जातो, कुणाला दिसत नाही. म्हणून ते फक्त चौकात थांबल्यावर वापरायचं, आणि पेटीच्या मागच्या बाजूला ठेवायचं. क्षेपणास्त्र सुटताना जाळ मागूनच येतो. धुराऐवजी फटाके लावण्याचा मोह कारागिरांना होतो. शेजारी सुकं कापड आणि ऑइल पेंट आहे, तेव्हा स्पष्ट नाही म्हणा.

निवेदन आवाजाला उत्तम, मजकुराला ढिसाळ. ‘शत्रूचं अख्खं आरमार बुडवलं’ असं त्यात आहे. निर्घातने खैबर ही विनाशिका बुडवली, वीरने मुहाफिज हे सुरुंगशोधक जहाज, निपातने दारूगोळा वाहणारं व्हीनस चॅलेंजर टिपलं आणि कराचीच्या केमारीतल्या तेलाच्या टाक्यांवर मारा केला. आपली एकही बोट गेली नाही. तुकडीचं नेतृत्व करणाऱ्या बब्रू भान यादवांना महावीर चक्र मिळालं. त्यांचं नाव निवेदनात एकदाही येत नाही. एवढी वाक्यं माइकवर वाचून घेतली तरी भागतं. हल्ला रात्रीचा होता, तेव्हा मिरवणूक दिवे लागल्यावर काढलेली शोभते.

लाटांचं कापड जमिनीपासून वीतभर वर हवं, नाहीतर मागच्या चाकात गुंडाळतं. उतारावर थांबायचं असेल तर चाकाखाली लाकडी ठोकळे द्या. जळगावच्या रथाला मोगरी लावतात, तेच तत्त्व. फक्त हँडब्रेकच्या भरवशावर पोरं वर उभी करू नका. वर सहापेक्षा जास्त पोरं नकोत, आणि पुढच्या टोकावर कुणीच नको.

पाचपैकी साडेतीन गुण. बुकिंग तुळशीच्या लग्नाआधी करा. त्यानंतर लग्नसराई लागते, चांगला जनरेटर आणि जाणते कारागीर मांडवाला जातात, आणि नौदलाच्या वाट्याला येतो तो धुराचं मशीन लावलं की स्पीकर बंद पाडणारा जुना डबा.