क्लायंटची वर्डप्रेस साइट हलवायची: प्लगइनने, हाताने की होस्टच्या टीमकडून?

नवं होस्टिंग घेतलंय, क्लायंटला तारीख दिलीय, आता साइट तिकडे न्यायची आहे. अशा वेळी बहुतेक जण आधी साइट किती जीबीची आहे ते बघतात. त्याआधी वेगळी गोष्ट बघायला हवी: साइट हलत असताना तिच्या डेटाबेसमध्ये कोणी काही लिहिणार आहे का? दहा पानांच्या माहितीपर साइटवर दोन दिवसांत एक अक्षरही बदलत नाही. ऑनलाइन दुकानाचं तसं नसतं. कॉपी घेतल्यापासून डीएनएस (डोमेन कोणत्या सर्व्हरकडे जातं ते सांगणारी नोंद) बदलेपर्यंत आलेली प्रत्येक ऑर्डर जुन्या सर्व्हरवर अडकते, आणि तोवर नव्या सर्व्हरवरही ऑर्डरी सुरू झालेल्या असल्या तर तेच क्रमांक दोन्हीकडे पडतात. मार्ग निवडायचा तो यावरून.

प्लगइन

डुप्लिकेटर किंवा ऑल-इन-वन डब्ल्यूपी मायग्रेशन यांसारखं प्लगइन फायली आणि डेटाबेस एका पॅकेजमध्ये बांधतं आणि नव्या जागी उलगडतं. डेटाबेसमधले पत्ते (साइटच्या यूआरएल) बदलण्याचं नाजूक काम तेच करतं. साइट स्थिर आणि काहीशे एमबीची असेल तर हाच मार्ग घ्या, हाताने करण्यात वेळ घालवू नका.

मोठ्या साइटवर मात्र ते अडतं. पॅकेज बांधायला जुन्या सर्व्हरवर जवळजवळ साइटएवढीच मोकळी जागा लागते. शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट असतात तिथे, पीएचपीची (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय तिची) वेळमर्यादा संपली की काम अर्ध्यात थांबतं. अपलोडची मर्यादा पीएचपीत मुळात २ एमबी असते. होस्ट ती वाढवून देतात, पण ३ जीबीचं पॅकेज ब्राउझरमधून चढवण्याची आशा धरू नका. बांधण्याआधी डब्ल्यूपी-कंटेंट फोल्डर उघडून बघा. जुन्या बॅकअप प्लगइनच्या झिप फायली तिथे पडलेल्या असतात. त्या वगळल्या की पॅकेज बरंच हलकं होतं.

काम झाल्यावर इन्स्टॉलर आणि पॅकेज दोन्ही सर्व्हरवरून पुसा. त्या पॅकेजमध्ये अख्खा डेटाबेस आणि त्याचा पासवर्ड असतो.

हाताने

एसएसएच (सर्व्हरवर थेट कमांड देण्याची सोय) मिळत असेल आणि साइट मोठी किंवा सतत लिहिली जाणारी असेल, तर याला पर्याय नाही. खरा फायदा आरसिंकचा, म्हणजे फायली एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेणाऱ्या कमांडचा आहे. पहिल्या फेरीत सगळ्या फायली जातात, साइट चालूच राहते. दुसऱ्या फेरीत फक्त बदललेल्या जातात आणि ती बहुतेक वेळा काही मिनिटांत आटोपते. साइट बंद ठेवायची ती एवढ्याच वेळासाठी. एफटीपीने (फायली चढवण्या-उतरवण्याच्या जुन्या पद्धतीने) हे जमत नाही. हजारो लहान फायलींना ते तासन्‌तास घेतं, आणि फाइलझिलासारख्या प्रोग्रॅममध्ये सगळं निवडून ओढताना डॉट एचटीअ‍ॅक्सेससारख्या लपलेल्या फायली सुटल्या तर मुख्य पान उघडतं पण आतली सगळी पानं ४०४ (पान सापडलं नाही) देतात. नवा सर्व्हर एनजिनएक्स या सॉफ्टवेअरवर चालणारा असेल तर ही फाइल वाचलीच जात नाही, तिच्यातले नियम सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये वेगळे लिहावे लागतात.

डेटाबेस काढताना कॅरेक्टर सेट (अक्षरं साठवण्याची पद्धत) यूटीएफ८एमबी४ आहे हे कमांडमध्येच स्पष्ट सांगा. ते चुकलं की मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हं किंवा विचित्र लॅटिन अक्षरं दिसतात. प्रश्नचिन्हं एकदा डेटाबेसमध्ये साठली की मूळ मजकूर त्यातून परत मिळत नाही, म्हणून इम्पोर्ट झाल्यावर लगेच एक मराठी पान उघडून बघा. दुसरी अडचण कोलेशनची, म्हणजे अक्षरांची तुलना करण्याच्या आणि क्रम लावण्याच्या नियमांची. मायएसक्यूएल ८ मधून काढलेला डंप (डेटाबेसची एक्सपोर्ट फाइल) मारियाडीबीच्या जुन्या आवृत्तीत टाकला की ‘अननोन कोलेशन’ म्हणून इम्पोर्ट थांबतं. डंपमधलं ते नाव बदलून यूटीएफ८एमबी४ युनिकोड सीआय करा.

सर्वांत जास्त साइट मोडतात त्या पत्ते बदलताना. वर्डप्रेस विजेट आणि थीमच्या सेटिंग सीरियलाइज करून ठेवतं, म्हणजे प्रत्येक मजकुराच्या आधी त्याची लांबी लिहिलेली असते. समजा पत्ता २२ अक्षरांचा आहे. टेक्स्ट एडिटरमध्ये फाइंड-रिप्लेस करून एचटीटीपीचं एचटीटीपीएस केलं की तो २३ अक्षरांचा होतो, पण आधीचा आकडा २२ च राहतो. पीएचपी २२ अक्षरं मोजतं, शेवटचं अवतरणचिन्ह जागेवर सापडत नाही, आणि ती अख्खी सेटिंग टाकून देतं. साइट उघडते, पण साइडबार रिकामा आणि थीमचे रंग मूळचे. यासाठी डब्ल्यूपी-सीएलआय या वर्डप्रेसच्या कमांड-लाइन साधनाची सर्च-रिप्लेस कमांड वापरा, आधी ड्राय-रनने (काही न बदलता नुसती चाचणी), आणि जीयूआयडी हा पोस्टची कायमची ओळख ठेवणारा कॉलम वगळून.

त्याहून बरं म्हणजे ही वेळच येऊ देऊ नका. डोमेन तेच राहणार असेल तर तात्पुरत्या पत्त्यावर साइट उभी करायची गरज नाही. आपल्या कॉम्प्युटरच्या होस्ट्स फाइलमध्ये डोमेनसमोर नव्या सर्व्हरचा आयपी लिहा. तुम्हाला नवी साइट दिसते, जगाला जुनी, आणि डेटाबेसमधला एकही पत्ता बदलावा लागत नाही. तपासून झालं की ती ओळ काढायला विसरू नका.

प्लगइनने असो वा हाताने, नव्या सर्व्हरवर पांढरं पान किंवा ५०० ची एरर आली तर दोन जागा आधी बघा. डब्ल्यूपी-कंटेंटमध्ये ऑब्जेक्ट-कॅश नावाची फाइल राहिली असेल आणि नव्या सर्व्हरवर रेडिस (कॅश सांभाळणारा प्रोग्रॅम) नसेल. ती फाइल काढा. किंवा सिक्युरिटी प्लगइनने डॉट युजर डॉट आयएनआय फाइलमध्ये जुन्या सर्व्हरचा पूर्ण पाथ लिहून ठेवला असेल. तो दुरुस्त करा. पीएचपीची आवृत्ती दोन्हीकडे आधी सारखी ठेवा आणि साइट स्थिरावल्यावर वाढवा, नाहीतर बिघाड हलवण्यामुळे झाला की नव्या पीएचपीमुळे, हे कळत नाही.

होस्टची टीम

दोन्हीकडे सीपॅनेल (होस्टिंग सांभाळायचं पॅनेल) असेल तर हा मार्ग उत्तम. अख्खं अकाउंट जातं, मेलबॉक्स आणि क्रॉन जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) यांसकट, जे वरचे दोन मार्ग आपोआप नेत नाहीत. पण टीम कॉपी एकदाच घेते, तीही तिच्या सवडीने. म्हणून चालत्या दुकानासाठी ती किती वाजता घेणार आणि शेवटची डेटाबेस कॉपी पुन्हा घेणार का, हे लेखी विचारा. फॉर्म, लॉगिन, पेमेंट ते तपासत नाहीत, ते तुम्हालाच करायचं आहे. पासवर्ड द्यावे लागतात, काम झालं की बदला.

तिन्ही मार्गांत सारखं

डीएनएसचा टीटीएल (नोंद किती वेळ कॅशमध्ये ठेवायची तो आकडा) आधी ३०० सेकंदांवर आणा. जुना टीटीएल ८६४०० असेल तर हा बदल निदान २४ तास आधी व्हायला हवा, कारण तोवर जुनी नोंद कॅशमध्ये राहू शकते. हलवण्याच्या दिवशी नेमसर्व्हर (डोमेनच्या सगळ्या नोंदी जिथे असतात तो सर्व्हर) बदलू नका, फक्त ए रेकॉर्ड (साइटचा आयपी सांगणारी नोंद) बदला. नेमसर्व्हर बदलला आणि नव्या ठिकाणी एमएक्स, एसपीएफ, डीकेआयएम हे ईमेलचे रेकॉर्ड भरलेले नसले की क्लायंटचं ईमेल बंद पडतं. साइट तासभर बंद राहिली तर क्लायंट समजून घेतो. ईमेल बंद पडलेलं तो विसरत नाही. एएएए रेकॉर्ड (आयपीव्ही६ पत्त्याची नोंद) असेल तर तोही बदला, नाहीतर काही लोकांना जुनीच साइट दिसत राहते.

एचटीटीपीएससाठी लागणाऱ्या सर्टिफिकेटचंही आधी बघा. मोफत सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टची नेहमीची तपासणी डोमेन नव्या सर्व्हरकडे वळल्यावरच पास होते, आणि मधल्या वेळात लोकांना धोक्याची सूचना दिसते. डीएनएसमधल्या टीएक्सटी रेकॉर्डने तपासणी करून सर्टिफिकेट आधीच काढा, किंवा चालू सर्टिफिकेट त्याच्या प्रायव्हेट कीसकट नव्या सर्व्हरवर न्या.

पैसे आणि होस्टिंग कुणाच्या नावावर

हलवण्याचा दर सांगण्याआधी पाच गोष्टी मागवा: फायलींचा आकार, डेटाबेसचा आकार, पीएचपीची आवृत्ती, मेलबॉक्स किती आहेत आणि डोमेनचं लॉगिन कुणाकडे आहे. ईमेल हलवणं वेगळं काम आहे, त्याचा दर वेगळा सांगा. शेवटचं उत्तर ‘माहीत नाही’ असेल तर तारीख देऊ नका.

डोमेन नेहमी क्लायंटच्याच नावावर, यात तडजोड नको. होस्टिंगचं दोन्ही प्रकारे चालतं. तुमच्या रीसेलर अकाउंटवर (होस्टिंग घेऊन पुढे क्लायंटना विकायचं अकाउंट) ठेवलं तर दरमहा ठरलेली मिळकत असते, पण एक सर्व्हर पडला की सगळ्या क्लायंटचे फोन एकाच वेळी येतात, आणि बॅकअप, अपडेट, हॅक झालेली साइट साफ करणं हे सगळं तुमच्याच गळ्यात. एकटे काम करत असाल आणि रात्री फोन घेणं जमणार नसेल, तर अकाउंट क्लायंटच्या नावावर ठेवा आणि देखभालीचा करार वेगळा करा.

जुनं होस्टिंग लगेच बंद करू नका, एक महिना दोन्ही चालू ठेवायचा खर्च कोटेशनमध्येच धरा. बंद करण्याआधी जुन्या सर्व्हरचा अ‍ॅक्सेस लॉग बघा: त्या डोमेनवर अजून कोणी येत असेल तर एखादा रेकॉर्ड बदलायचा राहिला आहे. तिथल्या मेलबॉक्समध्ये नवं पत्र पडलेलं नाही, हेही पाहा.