खारपाणपट्ट्यातली पाच बाय चारची न्हाणी: आठ महिन्यांत काय टिकलं, काय गळून पडलं

दिवाळीच्या साफसफाईत न्हाणीला हात घातला होता. आता पेरणी आटोपली. थंडी, उन्हाळा आणि पहिला पाऊस असे तिन्ही पाहून झाले, म्हणून आज लिहायला बसले. नवीन वस्तू लावली की पहिले पंधरा दिवस सगळंच छान वाटतं.

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. बोअरचं पाणी खारं. जमीन काळी, भारी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि तिच्यासोबत घराच्या भिंतीही तडकतात. भिंतीला खालून लोणा (ओलीबरोबर वर येणारा खार) चढतो तो वेगळाच. मोबाइलवर न्हाणी नीटनेटकी करायचे जे उपाय दिसतात ते आमच्याकडे का टिकत नाहीत, ते मला पैसे घालवल्यावर कळलं.

न्हाणी विटांची, खाली शहाबादी फरशी, वर टिन. एका कोपऱ्यात २०० लिटरचा निळा ड्रम, दुसऱ्यात धुण्याची बादली. साबण खिडकीत, ब्रश जुन्या टमरेलात, ओले कपडे दारावर, आणि पाय घासायचा दगड नेमका पाय पडेल तिथे. घरात पाच माणसं. सासूबाईंचे गुडघे दुखतात. पाटावरून उठताना त्या ड्रमच्या काठाला धरायच्या. ड्रम अर्धा रिकामा असला की तो हलायचा, आणि बाहेर उभ्या उभ्या माझा जीव वर-खाली व्हायचा. हे सगळं काढलं ते खरं तर तेवढ्यासाठी.

आधी वाया गेलेलं सांगते. २९९ रुपयांचं रबरी चकत्यांनी चिकटणारं कोपऱ्याचं शेल्फ आणलं. त्या चकतीला गुळगुळीत टाइल लागते, चुन्याच्या खरबरीत भिंतीवर हवा आत शिरते. तिसऱ्या रात्री धाडकन पडलं. मग १४९ रुपयांचे चिकटपट्टीचे हुक घेतले. ते पडताना चुन्याचा पापुद्रा घेऊनच पडले. गोंद चांगला होता, पण त्याने धरलं होतं ते चुन्याला आणि चुनाच भिंत सोडून आला. तिसरी चूक ऑइल पेंटची, ३८० रुपये. पुसायला सोपं म्हणून कमरेइतका पट्टा रंगवला. महिन्याभरात पुऱ्यांसारखे फुगे आले, एक फोडला तर आत पांढरी भुकटी. लोणा चढलेल्या भिंतीची ओल आतून येते, तिला बाहेर पडायला वाट लागते आणि रंगाने ती बंद केली होती. तो पट्टा खरवडला आणि पुन्हा नीळ घातलेला चुनाच दिला. वर्षाला एक हात मारावा लागेल, पण भिंत कोरडी दिसते आहे.

आता टिकलेलं.

सगळ्यात जास्त फरक पडला तो ड्रम बाहेर काढल्याने. भिंतीमागे विटांचा पक्का ओटा बांधला, ड्रम त्यावर, आणि भिंतीतून पाइप काढून आत नळ. ओट्यात कसर करू नका, भरलेला ड्रम म्हणजे दोनशे किलोच्या वर वजन. न्हाणीची चौथाई जागा एका दिवसात मोकळी झाली. उन्हाळ्यात मात्र दुपारी पाणी अक्षरशः चटके देत होतं. एप्रिलपासून ड्रमला ओलं पोतं गुंडाळलं आणि भरायची वेळ रात्रीची केली, मग सकाळचं पाणी बरं असायचं. वरून झाकण आणि झाकणाखाली फडकं घट्ट बांधलेलं असतंच, शिवाय आठवड्यातून एकदा ड्रम रिकामा करून आतून घासतो. डेंग्यूचा डास अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. गावच्या नळाचं गोडं पाणी वेगळ्या झाकणाच्या बादलीत, फक्त केस धुवायला. खाऱ्या पाण्यात फेस येत नाही, साबण निम्मा वाया जातो.

दुसरी गोष्ट धरायच्या दांड्याची, आणि याबद्दल मला जरा जास्त सांगायचं आहे. आमच्या मिस्त्रीने भिंतीवर मूठ आपटून पाहिली आणि म्हणाले, "वहिनी, भित पोकळ झाली हाय, गिट्टी ठोकून मानसाचं वजन नाई पेलनार." (गिट्टी म्हणजे स्क्रू धरायला भिंतीत ठोकतात तो तुकडा.) त्यांनी दोन ठिकाणी आरपार भोकं पाडली, बाहेरच्या बाजूने लोखंडी पट्टी ठेवली आणि लांब बोल्ट घालून दांडा आतून आवळला. म्हणजे ओढ पडते ती पट्टीवर, एका विटेवर नाही. जागा ठरवायला आम्ही सासूबाईंना कोरड्या न्हाणीत पाटावर बसवलं, तीन-चारदा उठायला लावलं, आणि त्यांचा हात आपोआप जिथे जात होता तिथे कोळशाने खूण केली. खूण निघाली माझ्या अंदाजापेक्षा वीतभर खाली. दांडा थोडा तिरपा ठेवला, हात खालून वर सरकवत उठता येतं. पाइप जीआयचा (जस्त चढवलेल्या लोखंडाचा), वरून सायकलची जुनी ट्यूब चढवलेली, ओल्या हाताची पकड सुटत नाही. खर्च ४५० रुपये. मे महिन्यात भिंत सुकून बोल्ट किंचित ढिले झाले, ते एकदा आवळले. दर उन्हाळ्यात तपासावे लागतील. पहिल्या दिवशी आंघोळ करून बाहेर आल्यावर सासूबाई एवढंच म्हणाल्या, "आता धराले काही भेटलं व माय."

साबण-तेलासाठी कडप्प्याचे दोन तिकोनी तुकडे, दुकानातले कापून उरलेले, २४० रुपयांना. कोपऱ्यात खाच पाडून सिमेंटने बसवले. गंजत नाहीत, हलत नाहीत. कपड्यांसाठी टिनाखालच्या लोखंडी अँगलला नायलॉनच्या दोरीने एक इंची पीव्हीसी पाइप टांगला, १२० रुपये. भिंतीचा काही संबंधच नाही, म्हणून आठ महिन्यांत एकदाही पडला नाही. त्यालाच एस आकाराचे हुक अडकवून टमरेल, घासणी, पाय घासायचा दगड (त्याला भोक पाडून दोरी ओवली) सगळं लटकतं. जमिनीवर आता पाट आणि बादली, बस. लोखंडी हुक मात्र घेऊ नका. आमचे दोन महिन्यांत गंजले आणि टॉवेलवर डाग पडले, आता प्लास्टिकचे आहेत.

उजेडासाठी छपरातलं एक टिन काढून पांढरा फायबरचा पत्रा टाकला, ६५० रुपये. दिवसा दिवा लावावा लागत नाही, आणि सकाळी आत पाय टाकला की मन प्रसन्न होतं. मेमध्ये दुपारी तापतो, तेव्हा वरून हिरवी नेट टाकायची.

एक इशारा. नळावर आणि फरशीवर पांढरा थर चढला म्हणून मी संडास धुवायचं ॲसिड शहाबादीवर ओतलं. फरशी फसफसली, पुसल्यावर परातीएवढा डाग उरला, खरबरीत आणि फिकट. सासूबाईंनी पाहिलं, "काऊन व, हे कायचं झालं?" शहाबादी, कोटा, कडप्पा हे सगळे चुनखडीचे दगड, ॲसिड त्यांना खातं. तो डाग आजही आहे आणि मळ तिथेच आधी धरतो. आता फरशीला रोज खराटा आणि आठवड्याला धुण्याचा सोडा. नळाला मात्र कपभर पाण्यात चमचाभर लिंबूफूल (सायट्रिक ॲसिड) घालून त्यात चिंधी भिजवते आणि अर्धा तास गुंडाळून ठेवते, थर सुटून येतो. ते पाणी दगडावर सांडू द्यायचं नाही. आणि ॲसिड व ब्लिचिंग पावडर कधीच एकत्र करू नका, विषारी वायू निघतो.

न्हाणीत येणाऱ्या वासाचं कारण न्हाणी ट्रॅप निघालं, म्हणजे नालीच्या तोंडाशी पाणी धरून वास अडवणारं भांडं. आम्ही आठवडाभर गावाला गेलो की त्यातलं पाणी सुकतं आणि नालीचा वास, झुरळं वर येतात. आता निघताना तांब्याभर पाणी ओतून जातो. नवी जाळी ६० रुपये.

मिस्त्रीची मजुरी ८००, नळ-पाइप २८०, चुना १०० धरून सगळा खर्च साडेतीन हजारांच्या घरात गेला. त्यातले सव्वाआठशे त्या तीन चुकांचे.

दाराचं राहिलं आहे. पत्र्याचं दार खालून गंजून चाळणी झालंय, पावसाची झड आली की पाणी आत येतं. मूग निघाला की पीव्हीसीचं दार बसवायचं ठरवलं आहे, आणि या वेळी चौकट आधी मिस्त्रीला दाखवून.