बडोदा ते न्यूयॉर्क : अंतर चोख, वेळ कागदावरची

लेक न्यू जर्सीला असल्यामुळे आमच्या दांडिया बाजारातल्या घरी येणारा प्रत्येक पाहुणा विचारतोच, "विमानाला किती वेळ लागतो हो?" जावयांनी दोन शहरांमधलं हवाई अंतर आणि वेळ सांगणारी एक वेबसाइट दाखवली. माझी सगळी नोकरी प्रतापनगरच्या रेल्वे कार्यालयात वेळापत्रकांच्या टेबलावर गेली. साइटची झडती घेणं भागच होतं.

आधी ओळखीचा मार्ग घातला. बडोदा-मुंबई ३६० किलोमीटर आलं. रेल्वेनं मुंबई सेंट्रल ३९२. बरोबर आहे, रूळ वळतात. ही साइट पृथ्वीच्या गोलावरचं सर्वांत जवळचं अंतर धरते. मग लेकीच्या जवळचं न्यूयॉर्क टाकलं : सुमारे १२,२३० किलोमीटर. रेघ मात्र निघाली थेट वर, नॉर्वे, आइसलँड करत ग्रीनलंडच्या टोकावरून खाली. आमची ही म्हणाली, "अमेरिका पश्चिमेला ना? मग हे नॉर्वेत काय करतायत?" नातवाचा पृथ्वीगोल काढून दोरा ताणला. तंतोतंत तीच वाट. अंतराला पैकीच्या पैकी गुण.

वेळेचं सांगू नका. साइट म्हणते साडेचौदा तास. हा निव्वळ भागाकार, ताशी साडेआठशेच्या आसपास वेग धरून केलेला. जाताना-येताना आकडा तोच! वर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, त्यामुळे येतानाचं विमान लवकर पोचतं हे साइटच्या हिशेबातच नाही. शिवाय एप्रिल २०२५मध्ये पाकिस्तानचं आकाश भारतीय विमानांना बंद झालं, तेव्हापासून आपल्या विमानांना वळसा पडला. साइटची रेघ अजून सरळ पाकिस्तानावरून जाते. रेल्वेत ब्लॉक घेतला की गाडी दुसऱ्या मार्गानं वळवतात आणि तसं जाहीरही करतात, एवढीच अपेक्षा होती.

आणि बडोद्याच्या हरणी विमानतळाहून न्यूयॉर्कला विमान आहे कुठे? आधी मुंबई, दिल्ली किंवा अहमदाबाद गाठायचं. आम्ही मुंबईचं धरतो : वंदे भारतनं बोरिवली, तिथून टॅक्सीनं सहार, आणि विमानाच्या तीन तास आधी हजर. घराचं कुलूप ते लेकीची बेल हा प्रवास एका दिवसात आटोपला तर नशीब समजा.

एक गोष्ट मात्र छान. दोन्हीकडची घड्याळं शेजारीशेजारी दिसतात आणि उन्हाळ्यात साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक ती आपोआप बदलते. लेकीला भलत्या वेळी फोन करणाऱ्या आमच्या वहिनींना मी एवढ्यासाठीच ही साइट मोबाइलवर लावून दिलीय.

पाचापैकी तीन तारे. अंतर आणि घड्याळ पाहायला वापरा. वेळेसाठी तिकिटावरचं सुटणं-पोचणं वाचा, आणि पोचण्याची तारीखही नीट बघून घ्या. मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटणारं विमान तिकडे त्याच तारखेच्या सकाळी उतरतं, आणि घ्यायला येणारा जावई दुसऱ्या दिवशीची रजा टाकून बसलेला असतो.